निघण्याआधीचा फोन: कॅरव्हॅन घेऊन आउटबॅकच्या रोडहाऊसवर काम करायचं असेल तर

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून डार्विनला, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला आउटबॅक या आतल्या ओसाड भागातून, गाडीने निघालात तर सुमारे तीन हजार किलोमीटर जायचं असतं. पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मधे भेटतात ती रोडहाऊसं. आपल्याकडचा पेट्रोल पंप, ढाबा, लॉज, बार आणि पंक्चरचं दुकान एका छपराखाली आणा, भोवती नजर पोचेल तिथवर लाल माती पसरा, आणि सगळ्यात जवळचा शेजारी शंभर-दीडशे किलोमीटरवर ठेवा. अशी ही जागा. तिथे काम करणारे फारच थोडे, आणि त्यांतले बरेचसे वाटेत थांबलेले प्रवासीच.

आम्ही दोघं मेलबर्नचे. मुलं मार्गी लागल्यावर सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली, एक जुनी अठरा फुटी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतली आणि त्या प्रवासात दोन रोडहाऊसांवर काम केलं. पहिल्या ठिकाणाहून सहा आठवड्यांत निघालो, दुसऱ्या ठिकाणाहून पाय निघत नव्हता. दोन्हीकडे काम तेच, पगारही जवळपास तोच. दुसऱ्या जागेला मात्र निघण्याआधी फोनवर सगळं स्पष्ट विचारून घेतलं होतं. म्हणून या लेखात त्या फोनलाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी: परवानगी

ऑस्ट्रेलियाचे नागरिक असाल किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

भारतीय पासपोर्टवर ४१७ क्रमांकाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा मिळत नाही. मिळू शकतो तो ४६२ क्रमांकाचा, वर्क अँड हॉलिडे. तो भारतीयांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये खुला झाला. वय १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, आणि निवड सोडतीने. नाव लागलं तर शिक्षण, इंग्रजी आणि पैशांच्या अटी पूर्ण करून अर्ज करायचा. या व्हिसावाल्यांना रोडहाऊसचा वेगळा फायदा आहे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक प्रकारचं तीन महिन्यांचं काम दाखवावं लागतं, आणि दुर्गम भागातलं पर्यटन व खानपान क्षेत्रातलं काम त्यात धरलं जातं. मात्र कामाच्या जागेचा पिनकोड सरकारी यादीत आहे का, हे गृहखात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मालक म्हणाला म्हणून विसंबू नका.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, सुट्टीत नाही. पण मोठी सुट्टी पडते ती डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा मध्य ऑस्ट्रेलिया भाजून निघत असतो आणि तिथली गर्दी ओसरलेली असते. विद्यार्थ्यांनी त्या दिवसांत दक्षिणेकडचा, नलारबॉर या सपाट माळरानातला रस्ता बघावा.

आणखी एक गोष्ट काळजीने सांगते. मुलांकडे आलेल्या आई-बाबांना कॅरव्हॅनमधून फिरवायला आपली अनेक मंडळी नेतात. व्हिजिटर व्हिसावर त्यांना काम करता येत नाही. "पैसे नकोत, फक्त जागा फुकट द्या, आई स्वयंपाकघरात मदत करेल" हेसुद्धा कामच धरलं जातं. व्हिसा धोक्यात येतो तो आईचा.

दुसरी पायरी: कुठे आणि कधी

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डांबरी रस्त्यावरच राहावं. ग्रेट सेंट्रल रोडसारख्या कच्च्या रस्त्यांवरही रोडहाऊसं आहेत, पण तिथे आदिवासी भूमीतून जाण्याचे परवाने लागतात आणि पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर साधी कॅरव्हॅन खिळखिळी होते.

डांबरी रस्त्यांत दोन मुख्य पर्याय आहेत.

स्टुअर्ट हायवे हा उत्तर-दक्षिण रस्ता. ग्लेनडँबो, मार्ला, कुलगेरा, अर्लडंडा, रेनर स्प्रिंग्ज, डनमारा अशी नावं लागत जातात. अर्लडंडाहून उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाकडे फाटा जातो, त्यामुळे तिथे वर्दळ मोठी. या पट्ट्यात मे ते सप्टेंबर हा हंगाम. दक्षिणेत थंडी पडली की निवृत्त मंडळी कॅरव्हॅनी जोडून उत्तरेला निघतात. भरती मार्च-एप्रिलमध्ये होते, तेव्हा फोन फेब्रुवारीच्या शेवटापासून सुरू करा.

दुसरा आयर हायवे, नलारबॉर ओलांडणारा. नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा सुमारे १,६६० किलोमीटर. बॅलडोनिया, कायगुना, कॉकलबिडी, मदुरा, मंड्राबिला, युक्ला ही इथली रोडहाऊसं. पर्थला जाणारे ट्रक बाराही महिने याच रस्त्याने जातात, त्यामुळे काम कधीही निघू शकतं. बॅलडोनिया आणि कायगुनाच्या मधे १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. युक्लाच्या आसपास घड्याळही स्वतःचं: पर्थच्या पाऊण तास पुढे. मी घरी फोन लावायचे तेव्हा भारतापेक्षा सव्वातीन तास पुढे असायचे. आईने हे वहीत लिहून ठेवलं होतं.

जाहिराती नोकरीच्या संकेतस्थळांवर आणि फिरस्त्यांच्या फेसबुक गटांवर येतात. मला थेट फोन जास्त उपयोगी पडला. नकाशा उघडा, रोडहाऊसचा क्रमांक घ्या, आणि दुपारी दोन ते चारच्या मधे लावा. सकाळी नाश्त्याची आणि संध्याकाळी मुक्कामाला येणाऱ्यांची गर्दी असते. त्या वेळी फोन केलात तर मॅनेजरचं अर्धं लक्ष बाउझरकडे, म्हणजे बाहेरच्या पंपांकडे असतं. जोडपं असाल तर पहिल्या वाक्यात सांगा, आणि राहायची कॅरव्हॅन स्वतःची आहे हे दुसऱ्या वाक्यात. दोन माणसं येणार आणि खोली एकही लागणार नाही, हे ऐकल्यावर मॅनेजर फोन ठेवायची घाई करत नाही.

तिसरी पायरी: तो फोन

हे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. आपल्याला इतके प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. नोकरी देणाऱ्याला उलट काय विचारायचं, हा संस्कार मुरलेला असतो. इथे तो बाजूला ठेवा. आठशे किलोमीटर कॅरव्हॅन ओढत गेल्यावर "मला वाटलं होतं" म्हणायची पाळी आली की हातात काही उरत नाही.

पगार तासावर की ठोक? कोणत्या अवॉर्डखाली? अवॉर्ड म्हणजे त्या-त्या व्यवसायाचे वेतन-नियम. रोडहाऊसवर हॉटेल-खानपानाचा लागू होऊ शकतो, नाहीतर वाहनसेवा आणि इंधनविक्रीचा; कोणता, ते कामाच्या स्वरूपावर ठरतं. १ जुलै २०२५ पासून देशाचं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेले, लागेल तसं बोलावलेले कामगार असाल तर त्यावर २५ टक्के जास्त. शिवाय मालकाने १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीनिधी, वेगळा भरायचा असतो. "इथे सगळं रोखीत चालतं" असं कुणी म्हणालं तर आभार मानून फोन ठेवा.

आठवड्याला किमान किती तास देणार? जाहिरातीत 'पूर्णवेळ' असतं, आणि वर्दळ नसेल त्या आठवड्यात वीस तास मिळतात. सुट्टी कशी? सलग दहा दिवस काम आणि चार सुट्टी, की आठवड्याला एक? जोडप्यांनी पुढचा प्रश्न हमखास विचारावा: दोघांना सुट्टी एकाच दिवशी मिळेल का? आमच्या पहिल्या ठिकाणी माझी सोमवारी आणि ह्यांची गुरुवारी असायची. एकाच कॅरव्हॅनमध्ये राहून दीड महिना आम्ही एकत्र कुठेही गेलो नाही.

कॅरव्हॅनची जागा फुकट की भाड्याने? वीज धरून की मीटरने? जेवण मिळणार का, त्याचे पैसे कापणार का? आम्हाला इथेच फटका बसला. फोनवर "जागेची काळजी करू नका" एवढंच ऐकलं आणि आम्ही ते 'फुकट' असं समजलो. पहिल्या पगारातून दोघांचं वेगवेगळं जागाभाडं आणि जेवण कापलं गेलं, जेवण मी घेतलं नव्हतं तरी. नंतर वाचलं की अशी कपात करायला कामगाराची लेखी संमती लागते. ते आधी वाचायला हवं होतं. तेव्हा फोन झाला की त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवा: आपलं असं-असं बोलणं झालं, बरोबर आहे ना? उत्तर आल्याशिवाय गाडी जोडू नका.

जागा नेमकी कुठे? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. बहुतेक ठिकाणी वीज डिझेल जनरेटरची, ती शेड रात्रंदिवस घरघरत असते. ट्रकतळावर शीतपेटीचे ट्रक इंजिन चालू ठेवून उभे असतात. या दोहोंपासून लांबची, दुपारनंतर सावली येणारी जागा मागा, आणि तिथे १५ अँपिअरचा प्लग आहे ना, ते विचारून घ्या.

मोबाइलला रेंज आहे का, कोणत्या कंपनीची? बऱ्याच ठिकाणी फक्त टेल्स्ट्रा, काही ठिकाणी तेही नाही, नुसतं उपग्रहावरचं वायफाय.

आणि आपल्यातल्या अनेकांसाठी मोलाचा प्रश्न: स्वयंपाकघरात काय हाताळावं लागेल? रोडहाऊसच्या तव्यावर बीफचे बर्गर, स्टेक आणि बेकन दिवसभर असतात. तुम्हाला ते हाताळायचं नसेल तर फोनवरच, सरळ सांगा आणि काउंटर किंवा खोल्यांची साफसफाई मागा. कुणी वाईट वाटून घेत नाही. पण कामाला लागल्यावर सांगितलंत तर दोन माणसांच्या स्वयंपाकघरातला एक हात कमी होतो, आणि तो राग रास्त असतो.

एकट्या मुलींनी अजून एक करावं. सध्या तिथे काम करणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बाईशी दोन मिनिटं बोलायला मागा. खोलीला आतून कडी आहे का, रात्रीची पाळी एकटीने करावी लागते का, तिथलं वातावरण कसं आहे, हे तिला विचारा. बोलू द्यायला टाळाटाळ झाली तर ती जागा सोडून द्या.

चौथी पायरी: कागद

टॅक्स फाइल नंबर, इथलं बँक खातं आणि सुपरचं खातं. बार असेल तर आरएसए हे मद्यविक्रीचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, त्यामुळे काम कोणत्या राज्यात ते ठरल्यावरच कोर्स करा. नॉर्दर्न टेरिटरीत बाटली बाहेर न्यायला विकताना गिऱ्हाइकाचं ओळखपत्र यंत्रावर तपासावं लागतं, मद्यबंदी घातलेल्यांच्या नोंदवहीत त्याचं नाव आहे का ते बघायला. हे सगळ्यांना सारखं लागू आहे आणि सगळ्यांशी सारख्याच आदराने करायचं आहे. रोडहाऊसच्या गिऱ्हाइकांत आसपासच्या आदिवासी वस्त्यांतली माणसं असतात. भूमी त्यांची आहे, आपण पाहुणे. न विचारता त्यांचे फोटो काढू नका.

४६२ व्हिसावाल्यांना पंचेचाळीस हजार डॉलरपर्यंतच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो. बचतीचा हिशेब मांडताना तो धरा.

पाचवी पायरी: गाडी आणि कॅरव्हॅन

वजन आधी. भरलेली कॅरव्हॅन, पाण्याच्या टाक्या आणि गॅस सिलिंडरसकट, वजनकाट्यावर नेऊन मोजा, आणि तिच्या पाटीवरच्या कमाल वजनाशी आणि गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेशी ताडून बघा. आपण डाळ-तांदळाची पोती भरतो, ते किलो कुणी मोजत नाही.

कॅरव्हॅन जोडली की इंधन जवळजवळ दुप्पट लागतं. ग्लेनडँबो ते कूबर पीडी २५४ किलोमीटर; मधे पंप नाही. नलारबॉरवर पश्चिमेचा वारा समोरून आला की काटा अजून भरभर उतरतो. नियम एकच ठेवा: अर्ध्या टाकीच्या खाली गेल्यावर लागेल त्या पहिल्या रोडहाऊसवर भरा, भाव बघू नका.

रात्री गाडी चालवू नका. कांगारू, गुरं, एमू आणि मोकाट उंट पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. रोड ट्रेन, म्हणजे तीन-चार डब्यांचा ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतो. त्याला ओलांडायला किलोमीटर-दीड किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. तो तुम्हाला ओलांडत असेल तर आपला वेग आहे तसा ठेवा, सरळ चाला, घाबरून ब्रेक लावू नका. गाडीत यूएचएफ रेडिओ, म्हणजे बिनतारी संच, बसवून घ्या. ट्रकवाले त्याच्या ४० क्रमांकाच्या चॅनेलवर बोलतात. "जा, समोर मोकळं आहे" असं ते स्वतःहून सांगतात. नॉर्दर्न टेरिटरीत काही पट्ट्यांत वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे, पण ती कॅरव्हॅन ओढणाऱ्यांसाठी आहे असं समजू नका. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात तर ओढणाऱ्या गाड्यांना १०० चीच मर्यादा आहे.

टायर, दोन स्टेपन्या, आणि माणशी निदान दहा लिटर पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. नलारबॉरवर गोडं पाणी इतकं दुर्मीळ आहे की रोडहाऊसवर ते फुकट भरून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सहावी पायरी: शिधा

रोडहाऊसवर मालाचा ट्रक साधारण आठवड्याने येतो. भाजी म्हणजे कांदा, बटाटा, गाजर, आणि पुढच्या ट्रकच्या आधी मलूल झालेला लेट्यूस. तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ, पोहे, रवा, कणीक, गोडा मसाला, चिंच, गूळ आणि मेतकूट सोबत घ्या. मेतकूट-भाताने माझ्या कितीतरी रात्री निभावल्या. दहा तास उभं राहून आल्यावर फोडणी घालायचंही त्राण नसतं.

एक अनुभव लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी पाणी बोअरचं, जड आणि क्षारयुक्त. त्यात तूरडाळ चार काय, आठ शिट्ट्या दिल्या तरी गोटा राहते. डाळीपुरतं आणि चहापुरतं पावसाचं किंवा बाटलीचं पाणी वापरा. मूगडाळ त्यातल्या त्यात ऐकते. बोअरचं पाणी कॅरव्हॅनच्या टाकीत भरू नका, नळ्यांमध्ये क्षार बसतात.

पूर्वेकडून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला तपासणी नाका आहे. फळं, भाज्या आणि मध तिथे सोडावे लागतात. कढीपत्त्याची ताजी डहाळीही दाखवा, बिया आणि कडधान्यंही दाखवा. काय ठेवायचं ते अधिकारी सांगतील. उलट दिशेने येताना असाच नाका सेडूनाला आहे.

नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची न्या. डॉक्टर म्हणजे रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस, १९२८ पासून विमानाने आउटबॅकमध्ये पोचणारी सेवा. आयर हायवेवर काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीचे पांढरे पट्टे मारलेले आहेत, त्यांच्या विमानांसाठी. ते पट्टे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही गाडी कडेला घेऊन थोडा वेळ नुसते बसलो होतो.

सातवी पायरी: पहिला आठवडा

दिवस पहाटे सुरू होतो. बाउझर उघडायचे, जमिनीखालच्या टाक्यांची पातळी नोंदवायची, कॉफीचं यंत्र तापवायचं, आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्या ट्रकवाल्यांसाठी अंडी आणि बेकन. साडेआठला कॅरव्हॅनवाले निघतात, दहाला खोल्या रिकाम्या करून चादरी बदलायच्या, आणि त्यात एखादी पर्यटकांची बस आली की चाळीस कॉफ्या एकदम.

काउंटरवर इंधनाचे प्रकार पहिल्या दिवशी पाठ करा. मध्य ऑस्ट्रेलियात अनेक पंपांवर साध्या अनलेडेड पेट्रोलऐवजी ओपल मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने वस्त्यांमध्ये तरुण मुलं दगावत होती, म्हणून २००५ मध्ये हुंगून नशा येणार नाही असं हे इंधन आणलं गेलं. ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांना ते चालतं. पर्यटक बिचकून विचारतात. कारण सांगितलं की बहुतेकांचा चेहरा बदलतो. डिझेलच्या टाकीत कुणी चुकून ॲडब्लू (डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ करणारा द्रव, त्याची टाकी वेगळी असते) ओतलं तर गाडी अजिबात सुरू करू देऊ नका. जवळचा गॅरेजवाला तीनशे किलोमीटरवर असू शकतो.

कार्डयंत्राचं नेटवर्क जाणार, हे धरून चाला. तेव्हा काय करायचं ते मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारा. ट्रकवाल्यांशी नीट वागा, त्यांची नावं लक्षात ठेवा. शॉवरची किल्ली आणि गरम 'पाय', म्हणजे खिमा भरलेला पाव-पेस्ट्रीसारखा पदार्थ, हातात ठेवला की झालं, पण आठवड्यातून दोनदा जाणारा तोच माणूस तुमच्यासाठी शहरातून कोथिंबिरीची जुडी आणतो. आमच्यासाठी एकाने आणली होती, ओल्या कापडात गुंडाळून, पुढच्या सीटवर ठेवून.

प्रत्येक पगाराची पावती एका कामकाजाच्या दिवसात मिळाली पाहिजे. तास वहीत स्वतः लिहा आणि ताडून बघा.

आणि कॅरव्हॅन सतत निघायच्या तयारीत ठेवा. टाकी भरलेली, टायरमध्ये हवा, बॅटरी चार्ज. खोलीत राहणारा कामगार अडकतो, कारण त्याचं छप्पर मालकाचं असतं. तुमचं छप्पर तुमच्या मागे जोडलेलं आहे. दोन आठवडे चाकाखाली लाल धूळ साचू दिलीत, ॲनेक्स, म्हणजे कॅरव्हॅनला जोडायचा तंबू, ठोकला, कुंड्या मांडल्या, की हा मोकळेपणा हळूहळू हातातून जातो. आम्ही पहिली जागा सोडू शकलो ते केवळ डिझेल भरलेलं होतं म्हणून.

आठवी पायरी: निघताना

ठरल्याप्रमाणे आधी सांगा. बदली माणूस यायला तिथे वेळ लागतो. शेवटच्या पगारात राहिलेले तास आणि हक्काच्या रजेचे पैसे आले का बघा, सुपर जमा झाला का ते खात्यात तपासा. ४६२ वाल्यांनी सगळ्या पावत्या, बँकेची नोंद आणि मालकाचं पत्र तिथून हलण्याआधी हातात घ्यावं. व्यवस्थापक बदलतात, नंतर फोनवर तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं.

आदल्या संध्याकाळी चाकांचे नट आवळा, गॅस बंद करा, ॲनेक्स गुंडाळा. पहाटे निघू नका. सूर्य चांगला वर येऊ दे, कांगारू झुडपांत परतू देत, मग शेवटचा चहा घेऊन गाडी जोडा.